वेल्सच्या ब्लॅक माउंटन्समधली जुनी गावाकडची चर्चेस: गाडीने एका दिवसात कशी बघायची आणि लोक नेमकं कुठे चुकतात

हा ड्राइव्ह करून आलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. चर्चला कुलूप होतं, मॅप वीस मिनिटं म्हणत होता आणि तासाच्या वर गेला, समोरून ट्रॅक्टर आला आणि आमची रिव्हर्स घेताना पाचावर धारण बसली. यातल्या बऱ्याचशा गोष्टी आदल्या रात्री नीट बसलं तर टळतात, म्हणून इथे इतिहास जवळजवळ नाहीच, फक्त काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करायचं एवढंच.

रूट असा: ॲबरगॅवेनीहून निघायचं, पट्रिशो, कुमयॉय, लॅन्थोनी, कॅपेल-अ-फिन ही चार ठिकाणं करत गॉस्पेल पास हा डोंगरातला घाट चढायचा आणि पलीकडे हे-ऑन-वायला उतरायचं. पट्रिशोचा फाटा सोडला तर सगळं मिळून वीस-बावीस मैल. अंतर बघून लोक म्हणतात दोन तासात उरकू, आणि तिथेच दिवस बिघडतो. सकाळी दहाला पहिल्या चर्चपाशी आणि संध्याकाळी पाचच्या आसपास हे-ऑन-वाय, असा हिशोब धरा.

१. दिवस आणि वेळ ठरवणं

आधी महिना. एप्रिल अखेर ते जून आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर हे सगळ्यात सोयीचे. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, पासवर बर्फ असू शकतो, आणि चर्चच्या आत तर दुपारी तीनलाच काही दिसत नाही. मे अखेर-जूनच्या सुरुवातीला हे-ऑन-वायला मोठा साहित्य महोत्सव असतो, तेव्हा त्या टोकाला गाडी लावायला जागा मिळणं मुश्किल. बँक हॉलिडेचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सुट्टीचा, वीकेंड पण टाळाच, अरुंद रस्त्यावर जिथे बाजूला व्हायचं तिथेच लोकांनी गाड्या लावून ठेवलेल्या असतात.

मग वार. मंगळवार ते गुरुवार उत्तम. रविवारी सकाळी प्रार्थना असू शकते, पण दर रविवारी प्रत्येक चर्चमध्ये असतेच असं नाही, कारण या खोऱ्यांमध्ये एकेका पाद्र्याकडे बरीच चर्चेस असतात आणि महिन्यातल्या अमुक रविवारी इथे, तमुक रविवारी तिथे असं फिरतं वेळापत्रक चालतं. म्हणून "गेल्या रविवारी बंद होतं" किंवा "चालू होतं" असल्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

इथे एक नेहमीची चूक: लोक चर्च ऑफ इंग्लंडच्या साइटवर शोधतात आणि काहीच सापडत नाही. वेल्सचं चर्च १९२० पासून वेगळं आहे, नाव चर्च इन वेल्स. त्यांच्या वेबसाइटवर गावाच्या नावाने शोधा, ते कुठल्या मिनिस्ट्री एरियात (एकत्र चालवल्या जाणाऱ्या चर्चेसच्या गटात) येतं ते कळेल, मग त्या एरियाच्या पानावर प्रार्थनेच्या वेळा आणि संपर्क बघा. डागडुजीसाठी चर्च बंद असेल तर तेही बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं. शंका असेल तर दोन ओळींची ईमेल टाका, चार-पाच दिवस आधी, आदल्या रात्री नाही.

चेक: प्रार्थनेची वेळ, सूर्यास्ताची वेळ, हवामान. ही तिन्ही कागदावर लिहा, कारण खोऱ्यात गेल्यावर फोनला रेंज मिळेल याची खात्री नाही.

२. गाडी आणि कागदपत्रं

भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, आणि तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, त्यामुळे अर्धी भीती तिथेच जाते. उरलेली अर्धी रस्त्याच्या रुंदीची. म्हणून गाडी लहानात लहान घ्या. आई-बाबा आलेत, सामान आहे, म्हणून मोठी एसयूव्ही घ्यायचा मोह होतो, पण या गल्ल्यांमध्ये दोन्ही बाजूंना झुडपांच्या उंच भिंती आणि त्या झुडपात लपलेले दगड, मोठी गाडी म्हणजे दिवसभर जीव मुठीत. पाच-सहा जण असाल तर दोन लहान गाड्या बऱ्या, फक्त एकमेकांना चिकटून चालवू नका, कारण रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर मागच्यालाही घ्यावी लागते.

ऑटोमॅटिक हवी असेल तर बुक करतानाच स्पष्ट निवडा, कारण नुसती "कार" म्हणून बुक केली तर मॅन्युअलच मिळायची शक्यता जास्त. चढावर थांबून परत निघणं हाताशी नसेल तर ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे इथे वसूल होतात. इन्शुरन्समध्ये टायर, काच आणि साइड मिरर धरलेत का ते वाचा, या रस्त्यांवर नुकसान बहुतेक याच तिघांचं होतं.

पेट्रोल ॲबरगॅवेनीत फुल. टॉयलेटही तिथेच उरकून निघा, गावाकडच्या चर्चला टॉयलेट असेल असं गृहीत धरू नका.

३. फोन, नकाशा आणि पिशवी

ऑफलाइन मॅप डाउनलोड करा हे सगळे सांगतात, पण खरी गोची वेगळी आहे. खेड्यात एका पोस्टकोडमध्ये लांबलांबची चार-पाच शेतं येतात, त्यामुळे पोस्टकोड टाकला की सॅटनॅव्ह तुम्हाला कुणाच्या तरी गोठ्यापुढे नेऊन सोडतो. चर्चच्या इमारतीवर स्वतः पिन टाका आणि ती सेव्ह करा. पट्रिशोचं स्पेलिंग पाट्यांवर, नकाशांवर दोन-तीन तऱ्हेचं सापडतं, तेव्हा नावाने न शोधता पिननेच जा. नॅशनल पार्कचं नावही २०२३ पासून बॅनाय ब्रचैनिओग वापरात आहे, जुन्या नकाशावर ब्रेकन बीकन्स असेल, दोन्ही एकच.

कागदी नकाशा घ्यायचा तर ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल१३. गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या हातात तो द्या, ड्रायव्हरच्या नाही.

पिशवीत काय: टॉर्च (फोनचा चालतो पण बॅटरी खातो), पाच पौंडाच्या नोटा आणि सुट्टी नाणी, ओला कपडा, उन्हाळा असला तरी एक जाड स्वेटर. दगडी चर्च आतून भर जूनमध्ये पण थंडगार असतं, आणि पंधरा मिनिटांत "चला आता" सुरू होतं ते बहुतेक थंडीमुळे, कंटाळ्यामुळे नाही. छोटी दुर्बीण असेल तर न्या, का ते पट्रिशोला कळेल.

४. एकपदरी रस्त्याचे नियम, गाडी सुरू करायच्या आधी

हे निघण्यापूर्वी सगळ्यांनी वाचायचं.

रस्ता एकाच गाडीपुरता असतो, मधूनमधून बाजूला व्हायची जागा असते, तिला पासिंग प्लेस म्हणतात. ती तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरून थांबा. उजवीकडे असेल तर आत शिरायचं नाही, तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबायचं आणि समोरच्याला तिच्यातून वळसा घेऊ द्यायचा. नवखे लोक नेमके इथे उजवीकडे घुसतात आणि दोन्ही गाड्या समोरासमोर अडकतात. चढावर येणाऱ्याला शक्य तेव्हा आधी जाऊ द्यायचं. मागे पासिंग प्लेस जवळ कुणाच्या आहे ते बघा, ज्याच्या जवळ तो रिव्हर्स घेतो, यात मानापमान नाही. ट्रॅक्टरमागे ट्रेलर असेल तर मात्र कसलाही हिशोब न करता तुम्हीच मागे या. आणि थँक यू म्हणून हात वर करायला विसरू नका, तिथे ते बघतात.

पासिंग प्लेसमध्ये गाडी लावून फोटो काढायचा नाही. दोन मिनिटांसाठी पण नाही.

स्पीडबद्दल: वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. गावाबाहेर पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसते, तिचा अर्थ अशा रस्त्यावर कमाल ६० मैल, पण त्या गल्लीत कुणी साठने जात नाही, पंधरा-वीस हाच खरा वेग. रस्त्यावर मोठ्या अक्षरात एआरएएफ (वेल्श भाषेत 'हळू') रंगवलेलं दिसलं की हळू करा. घोडेस्वार खूप भेटतात इथे, त्यांच्या शेजारून जाताना जास्तीत जास्त १० मैल आणि किमान दोन मीटर अंतर, हॉर्न अजिबात नाही.

चेक: निघण्यापूर्वी पार्किंगमध्ये एकदा सरळ रेषेत तीस-चाळीस मीटर रिव्हर्स घेऊन बघा, नुसत्या आरशांवर. जमत नसेल तर पट्रिशो गाळा आणि थेट कुमयॉयला जा.

५. पट्रिशो, सगळ्यात आधी आणि सकाळीच

पट्रिशो पहिलं का, तर इथला रस्ता सगळ्यात अरुंद आहे आणि सकाळी डोकं ताजं असतं, वर्दळही कमी. ए४६५ वरून लॅनव्हिहँगल क्रुकॉर्नीपाशी बाहेर पडून फॉरेस्ट कोल पिटकडे जायचं. तिथे पाच रस्ते एकत्र येतात आणि ऑफलाइन मॅपचा बाण नेमका तिथे गोंधळतो. थांबा, पाटी वाचा, ग्रुइन फॉर खोऱ्याचा रस्ता धरा, मग पुढे जा. मागून कुणी येत असेल तर त्याला जाऊ द्या.

चर्च डोंगराच्या उतारावर आहे, गाड्या लावायला जागा मोजकीच. शेताच्या फाटकासमोर कधीच लावू नका, रिकामं दिसलं तरी, शेतकऱ्याला ट्रेलर वळवायला ती जागा लागते.

आता दार. "कुलूप होतं" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना कुलूप लागलेलं नसतंच. जुन्या दाराला लोखंडी कडी असते, जाड गोल रिंग. ती ओढायची नसते, फिरवायची असते. आधी एका बाजूला पिळा, नाही झालं तर दुसऱ्या बाजूला, आतला खटका उचलल्याचा खट्ट आवाज येतो, मग कडी तशीच धरून दुसऱ्या हाताने किंवा खांद्याने दार आत ढकला. ओलाव्याने लाकूड फुगलेलं असतं, त्यामुळे नुसतं हलकं ढकलून उघडत नाही. आणि आत पाऊल टाकण्यापूर्वी खाली बघा, बऱ्याच जुन्या चर्चमध्ये आतली जमीन एक पायरी खाली असते, बाहेरच्या उजेडातून आल्यावर ती दिसत नाही. ज्येष्ठांना हात द्या.

खरोखरच कुलूप असेल तर पोर्चमधला नोटिस बोर्ड वाचा. किल्ली कुणाकडे मिळेल ते लिहिलेलं असू शकतं. बोर्डाचा फोटो काढा, रेंज येईल तिथे जाऊन फोन करा, आणि किल्ली मिळाली तर स्वतः परत नेऊन द्या. बोर्डावर काहीच नसेल तर दारं ठोकत बसू नका, पुढच्या ठिकाणी निघा.

पोर्चला जाळीचं दार असेल तर ते लगेच ओढून घ्या, उघडं राहिलं की पक्षी आत अडकतात आणि आतच मरतात. आवाराचं फाटकही तसंच, मेंढ्या थडग्यांमधली फुलं खातात.

बूट काढायची पद्धत नाही, पण चिखलाचे असतील तर पोर्चमध्ये काढा किंवा नीट पुसा. पुरुषांनी टोपी काढायची. कुणी प्रार्थना करत असेल तर मागे बसा किंवा बाहेर थांबा. लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर काही न विचारता परत फिरा.

दार दक्षिणेकडे आहे. आत गेल्यावर उजव्या हाताला ओकच्या लाकडाचा कोरीव पडदा दिसतो, साधारण इसवी सन १५०० चा, वरच्या सज्जासकट टिकलेला, आणि सगळे तडक तिकडे जातात. जाऊ द्या, तुम्हीही जा, पण त्याच्या आडव्या तुळईवरची नक्षी दुर्बिणीतून किंवा फोनचा झूम लावून सावकाश बघा: टोकाला एक ड्रॅगन आहे आणि त्याच्या तोंडात द्राक्षाची वेल, ती तशीच पुढे पसरत जाते. उघड्या डोळ्यांना ही नुसती जाळी वाटते. पडद्याच्या पुढे दोन्ही बाजूंना दगडी ओटे आहेत, त्यावर बॅगा, जॅकेट, पाण्याच्या बाटल्या ठेवू नका, त्या वेदी आहेत.

मग मागे वळा. पश्चिमेच्या भिंतीवर लालसर रंगात एक सांगाडा काढलाय, हातात विळा, वाळूचं घड्याळ आणि फावडं. दारातून आत आल्यावर हा डावीकडे पडतो, म्हणून निम्मे लोक तो न बघताच निघून जातात. फ्लॅश बंद, हात लावायचा नाही.

अजून एक राहून जातं. चर्चच्या पश्चिम टोकाला जोडूनच एक लहानशी खोली आहे, तिचं दार वेगळं, बाहेरून. ती बघितल्याशिवाय गाडीकडे जाऊ नका. खाली ओढ्याजवळ पवित्र विहीर आहे पण वाट निसरडी असते, पावसानंतर गुडघेदुखीवाल्यांनी सोडून द्यावी.

सावधान: चर्चच्या आवारातली यू (yew) नावाची झाडं विषारी असतात, पानं आणि बिया दोन्ही. लाल फळं दिसायला गोड असतात, लहान मुलांवर लक्ष ठेवा. कलंडलेल्या थडग्यांना टेकू नका, त्यावर चढून फोटो तर नकोच.

६. कुमयॉय, आणि वाकडेपणाचा फोटो

आलात तसेच परत लॅनव्हिहँगलकडे या आणि लॅन्थोनीची पाटी धरा. सॅटनॅव्ह डोंगरातून शॉर्टकट दाखवेल, घेऊ नका.

सेंट मार्टिनचं हे चर्च भूस्खलनाच्या जमिनीवर उभं आहे आणि शतकानुशतकं जमीन सरकत गेल्यामुळे ते पिळवटलंय, टॉवर एकीकडे कललेला, वेदीकडचा भाग दुसरीकडे. काटकोन म्हणून कुठे सापडत नाही. गाडीपासून चर्चपर्यंत चढ आहे, दम खात चढा.

आत गेल्यावर आधी मागच्या टोकाला, मधल्या वाटेवर उभे राहा आणि पूर्वेच्या खिडकीकडे बघा. एक-दोन मिनिटं बघत राहिलात की आपणच कललोय की काय असं व्हायला लागतं, काही जणांना गरगरतं, तेव्हा बाकाला धरून उभे राहा.

फोटोत मात्र बहुतेकांचा घोळ होतो, कारण फोनची वाइड लेन्स सरळ भिंतीसुद्धा वाकड्या दाखवते, आणि मग खरं वाकडं कुठलं आणि लेन्सचं कुठलं ते कळतच नाही. वाइड लेन्स बंद करा, कॅमेऱ्याची ग्रिड चालू करा, मागे सरका, आणि फोन वर-खाली न कलवता सरळ धरा. फोनमध्ये लेव्हल असेल तर तिने आडवी रेघ पक्की करा. घरी आल्यावर फोटो ॲपने आपोआप "सरळ" करून दिला तर तो बदल रद्द करा, नाहीतर टॉवर सरळ आणि डोंगर वाकडा असा फोटो उरतो. बाहेरून टॉवर घेताना फ्रेममध्ये एखादा माणूस ताठ उभा करा, त्याच्या शेजारी टॉवरचा कल लगेच लक्षात येतो.

आत एक मध्ययुगीन दगडी क्रूस आहे, तो एकदा चोरीला जाऊन परत मिळालेला. अशा ठिकाणी दार उघडं ठेवणं म्हणजे गावाने टाकलेला विश्वास आहे, तेव्हा वस्तू उचलून बघणं, दोर ओढणं, पुलपिटवर (प्रवचनाच्या उंच ओट्यावर) चढणं यातलं काही नको. घंटेच्या दोराची तर चेष्टाच करू नका, वर घंटा उलटी उभी करून ठेवलेली असेल तर दोर माणसाला उचलून फेकू शकतो.

७. देणगीचं काय करायचं

तिकीट नाही, पण फुकटही समजू नका, छपराचा खर्च गावातल्या मूठभर लोकांवर असतो. भिंतीत किंवा दाराजवळ पेटी असते. माणशी दोन-तीन पौंड ठीक, कुटुंबाचे पाच-दहा. कार्ड मशीन कधी असतं कधी नसतं, म्हणून नोटा. तुम्ही ब्रिटनमध्ये इन्कम टॅक्स भरत असाल आणि गिफ्ट एडचं पाकीट ठेवलेलं असेल तर नाव-पत्ता लिहून त्यातच पैसे टाका, चर्चला प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स वर मिळतात. टुरिस्ट व्हिसावर आलेल्यांनी मात्र ते भरायचं नाही, साध्या पेटीत टाका.

८. लॅन्थोनी आणि कॅपेल-अ-फिन

लॅन्थोनीला जेवणाची वेळ आणा. मोठी कमानी-कमानींची प्रायरी (जुना मठ) पडक्या अवस्थेत उभी आहे, वेल्स सरकारची काडू ही संस्था ती सांभाळते, प्रवेश फुकट, बाहेर हिरवळीवर बसून डबा खाता येतो. लोक या अवशेषांनाच चर्च समजून फोटो काढून निघतात. गावाचं वापरातलं चर्च, सेंट डेव्हिडचं, अगदी शेजारी आहे, पाच मिनिटं पुरतात. डबा तिथे आत नाही उघडायचा.

पुढे कॅपेल-अ-फिनला गाडी हळू करा, नाहीतर चर्च मागे पडतं आणि कळतही नाही. १७६२ चं पांढरं इवलंसं चॅपल, यूच्या झाडांआड. एका वेळी चार-पाच जणांनीच आत जावं. वेदीमागच्या साध्या काचेवर डोंगरांकडे डोळे वर करण्याबद्दलची स्तोत्रातली ओळ कोरलीय, आणि त्याच काचेतून बाहेरचा डोंगर दिसतो. फोटो काढताना आधी अक्षरांवर फोकस करा, मग डोंगरावर, दोन्ही एकाच फोटोत येत नाहीत.

चेक: इथून निघताना घड्याळ बघा. सूर्यास्ताला दीड तासापेक्षा कमी उरला असेल, किंवा वर ढग उतरलेले दिसत असतील, तर पास सोडा आणि आल्या वाटेने परत जा.

९. गॉस्पेल पास आणि परतीचा रस्ता

पास ५४९ मीटरवर आहे, वेल्समधला सगळ्यात उंच सार्वजनिक रस्ता. माथ्यापर्यंत झुडपांमधून चढ, मग एकदम उघडा माळ. मेंढ्या आणि घोडे मोकळे असतात, रस्त्यावर बसलेले असतात, हॉर्नला दाद देत नाहीत. कोकरू एका बाजूला आणि मेंढी दुसऱ्या बाजूला दिसली की थांबाच, ते धावत आडवं येणारच. त्यांना खायला घालू नका, मग ती गाड्यांजवळच घुटमळायला लागतात.

माथ्यावर कडेच्या गवतात गाडी घालू नका, खाली मऊ दलदल असते आणि चाक रुतलं तर मदत बोलवायला रेंज नाही. थोडं पुढे 'हे ब्लफ' नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी थांबायला जागा आहे, तिथे उतरा. वारा जोराचा असेल तर गाडीचं दार एका हाताने घट्ट धरून उघडा.

उतरताना लोक ब्रेकवर पाय ठेवून बसतात आणि मग जळका वास येतो. दुसऱ्या गिअरमध्ये टाका, ऑटोमॅटिकमध्ये लो किंवा मॅन्युअल मोड, आणि इंजिनाला गाडी धरू द्या.

हे-ऑन-वायहून परत ॲबरगॅवेनीला जायचं असेल तर सॅटनॅव्ह कदाचित पुन्हा पासवरूनच नेईल, कारण अंतराने तो जवळचा. तो रूट नाकारा. टॅलगार्थवरून ए४७९, मग क्रिकहॉवेलपाशी ए४०, असं टाका. मैल जास्त, पण दोन पदरी रस्ता, आणि अंधारात रिव्हर्स घ्यायची वेळ येत नाही.